सोबतची दुसरी बाई

"मालनताई, तुम्ही इथं?"

विचारणारी माझी होणारी विहीण होती. तिनं हे विचारलं तेव्हा आम्ही दोघी मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात एकाच बाकावर बसलो होतो आणि दोघींच्या अंगात सारखाच फिकट हिरवा झगा होता. त्याला पुढून दोन नाड्या, त्यातली माझी एक तुटलेली. मी शिवणकाम करणारी बाई. विट्यात निम्म्या बायकांचे ब्लाऊज माझ्या हातचे. असला बेंगरूळ झगा कुणी शिवून आणला असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. आणि आता तोच छातीशी मुठीत धरून बसले होते.

"मी होय?" मी म्हणाले. "ओळखीच्या एक बाई आहेत इथं. त्यांना बघायला आले."

झगा घालून!

इंदुताईंनी माझ्या झग्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मी पण तशीच," त्या म्हणाल्या. "आमच्या एका चुलत जावेला ठेवलंय."

"जास्त आहे का?"

"न्हाई. बरी हाय आता."

"बरं झालं."

आणि आम्ही दोघी समोरच्या भिंतीवरच्या पंख्याकडं बघत बसलो.

आमच्या भागात 'मिरजेला नेलंय' म्हटलं की ऐकणारा आपोआप आवाज खाली आणतो. म्हणून घरातून निघताना मी सासूबाईंना सांगितलं होतं, सांगलीला चाललेय, लग्नाच्या साड्यांचे भाव काढायला. मालकांना तर काहीच सांगितलं नव्हतं. विट्याकडची बरीच माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत, तसे आमचे मालक तिकडं सेलमला. दर रविवारी फोन करायचे. फोनवर 'छातीची तपासणी' हा शब्द नवऱ्याला कसा सांगायचा हे मला माहीत नव्हतं. घरात फोन बैठकीच्या खोलीत, शेजारी सासरे पेपर वाचत बसलेले.

आमची रोहिणी इंदुताईंच्या धैर्यशीलला बघताक्षणी पसंत पडली होती. साळुंखे मोठं घर. माणसं तोलून-मापून बोलणारी. पण इंदुताईंची भारी घाई. बघायला आल्या त्याच दिवशी म्हणाल्या, "सुपारी लवकर फोडू, आणि जवळातला जवळ मुहूर्त धरू." मी सगळ्या गल्लीत सांगत सुटले होते, "पोरीनं मोहिनीच घातली बघा त्यांच्यावर. थांबायलाच तयार नाहीत!" पोरगी नाकीडोळी माझ्यावर गेली आहे, हेही मी मध्येच सांगायचे.

बोलणी चालू असताना इंदुताईंनी एकदा विचारलं होतं, "तुमची थोरली बहीण कशानं गेली म्हणालात?"

"काविळीनं," मी म्हटलं होतं.

ताराअक्का काविळीनं गेली नव्हती. तिला छातीत गाठ झाली होती. तिनं ती पदराखाली दडवली, आणि ती फुटून वास यायला लागला तेव्हा घरच्यांना कळलं. ती गेल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून कावीळ ठरवली. घरात लग्नाच्या चार पोरी होत्या. कावीळ कशी, कुणालाही होते. तिचा घराण्याला डाग लागत नाही.

विट्याच्या भागवत डॉक्टरीणबाईंना मात्र मी एकदा खरं सांगून बसले. त्या म्हणाल्या, "सख्खी बहीण ना? मग तुम्ही दरवर्षी मिरजेला जाऊन मॅमोग्राफी करून घ्यायची. काही होत नसलं तरी." मी मान डोलावली आणि घरी आले. पहिल्या वर्षी दिवाळीची शिलाई आली. मग सासूबाईंचा गुडघा आला. मग वाटलं, यंत्र चालवणारा बाप्या असला तर? शेजारची एक बाई म्हणाली, "दुखत नाही, खुपत नाही, कशाला उगाच झोपलेलं उठवायचं?" मला ते फार शहाणपणाचं वाटलं. स्वतःला फसवायचं असलं की मला शहाणी माणसं बरोबर सापडतात.

रोहिणीचं जमलं तेव्हा कुठं मला भीती वाटली. जिवाची नव्हे, मुहूर्ताची. ऐन हळदीत काही निघालं तर लोक काय म्हणतील, या काळजीनं मी शेवटी एसटीत बसले. आता मिरजेच्या त्या बाकावर, हिरव्या झग्यात, नेमकी ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्याच शेजारी बसले होते.

तेवढ्यात आतलं दार उघडून नर्स बाहेर आली आणि अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "साळुंखे! गाठवाल्या साळुंखे कोण?"

इंदुताई हलल्या नाहीत.

"इंदुमती साळुंखे! अहो, गाठ आहे ती बाई कोण?"

इंदुताई उठल्या. झगा सारखा केला. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जावेचं नाव पण इंदुमतीच हाय," आणि आत गेल्या.

इतका वेळ खोटं धरून ठेवणारी बाई मी त्याआधी फक्त आरशात बघितली होती.

नंतर माझा नंबर लागला. यंत्रावर चष्मा लावलेली एक तरुण बाई होती. बाप्या नव्हता. मी इतकी वर्षं ज्याला घाबरत होते तो कुणी बाप्या तिथं नव्हताच. तिनं एका पाटीवर सगळं ठेवून दुसरी पाटी वरून आणली आणि म्हणाली, "मावशी, आता थोडं दाबलं जाईल. श्वास धरा." भाकरी थापल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं, पण "आई गं" म्हणेपर्यंत सुटकाही झाली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. आता दुसरी बाजू."

"आणि एवढंच?"

"एवढंच, मावशी."

मला तिचा जरा रागच आला. दोन वर्षं मी जे भूत पोसलं ते इतक्या चटकन निघून जावं, हे काही बरं नव्हतं.

डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, सगळं स्वच्छ आहे, पुढच्या वर्षी परत या. मी साडी नेसून बाहेर आले तर दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये इंदुताई कोपऱ्यात बसल्या होत्या. समोर चहा, त्यावर साय धरलेली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. मला गुपचूप निघून जाता आलं असतं. मी दोन पावलं दाराकडं गेलेही. पण पाय वळले. तेवढं श्रेय माझ्या पायांना.

"मी बसू?"

"बसा की."

त्यांनी बशीतला कप उगाच फिरवला. मग त्याच म्हणाल्या, "सुई घालून तपासलं. नीट कळायला वेळ लागंल म्हणाले. पण डॉक्टरांच्या तोंडावरनं मला कळलं."

"कधीपासून आहे?"

"गौरीत हाताला लागली. अंघोळीला बसले होते."

गौरी होऊन बरेच महिने लोटले होते. मी विचारलं, "घरी कुणाला सांगितलं?"

"कुणाला सांगू? नवऱ्याला? त्यांना साधा माझा खोकला सोसत न्हाई. दिरानं ऐकलं तर अख्ख्या तालुक्याला कळंल. मालनताई, एकदा तुमची पोरगी घरात आली की मी मोकळी. त्यासाठीच घाई केली मी. मी गेले तर ह्या दोघांना जेवायला कोण घालणार? ह्यांना चहा करायला येत न्हाई, पोराला चहा गाळायला येत न्हाई."

म्हणजे मोहिनीबिहिनी काही नव्हती. गल्लीभर मी मिरवली ती घाई या बाईच्या काखेखाली वाढत होती.

"आणि उपचार?" मी म्हटलं.

"डॉक्टर म्हणाले, पक्कं झालं की लगेच ऑपरेशन करा. मी म्हटलं, हळद उतरू द्या, मग काय कापायचं ते कापा." त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही मोडू नका हो हे लग्न. घराण्यात असलं काही न्हाई आमच्या. पहिलीच मी."

मला तेव्हा काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "माझी बहीण काविळीनं नव्हती गेली."

इंदुताई बघत राहिल्या. "मग?"

"ह्यानंच."

त्यांच्या तोंडावर आधी राग आला. मग त्या हसल्या. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत. मीही हसले. आमच्याकडं बघून पलीकडच्या टेबलावर मघापासून आपल्या मुतखड्याचं रडगाणं सांगणारा एक पेशंट चहा प्यायचा थांबला. दोन फसवणाऱ्या बायकांनी एकमेकींना अचूक हेरून सोयरीक जमवली होती.

बाहेर पडताना मी एकदा म्हणून बघितलं, "इंदुताई, ऑपरेशन आधी करा की."

"आणि लोकांना काय सांगू? तुम्ही काय सांगितलं असतं?"

मी पिशवी खांद्याला अडकवली. खरं तर मला बरं वाटलं होतं. लग्न ठरल्याप्रमाणे होणार, माझी बहीण झाकलेली राहणार, त्यांची गाठ झाकलेली राहणार. तारानंही असंच झाकलं होतं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मी एसटीची वेळ बघितली.

सुपारी आमच्या घरी फुटायची होती. मालक सेलमहून आले. बैठकीत पुरुष, मधल्या खोलीत बायका. साळुंख्यांकडून इंदुताईंचे मालक दत्ताजीराव, धैर्यशील, आणि सगळ्या बोलण्यांचे म्होरके म्हणजे धाकटे दीर बापूराव. बापूरावांना तालुक्यातल्या प्रत्येक घरातली प्रत्येक गोष्ट माहीत असे, आणि जी माहीत नसे ती ते विचारत. इंदुताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. उतरल्या होत्या. पण दागिने घालून, हसत, सगळ्यांना विचारत होत्या, "पोहे घेतले का?"

मी चहाचा ट्रे घेऊन बैठकीत गेले. बापूरावांनी कप उचलला आणि म्हणाले, "वहिनी, मागल्या आठवड्यात मिरजेला गेला होता म्हणं?"

ट्रे माझ्या हातात होता हे बरं. धरायला काहीतरी होतं.

"आमचा एक पाहुणा मुतखडा दाखवायला गेलता," बापूराव सगळ्यांकडं बघत म्हणाले. "त्यानं बघितलं. कॅन्सरवाल्या इमारतीतनं भाईर येताना. चौकशी केलेली बरी म्हणून विचारतो. सोयरीक करायची म्हणजे..."

"चूक झाली असंल त्याची," आमचे मालक म्हणाले. "ही सांगलीला गेलती. साड्यांचे भाव काढायला." मग माझ्याकडं बघून, "न्हाई का?"

मी तोंड उघडलं. पुढं जे घडलं त्याला लोक अजून माझं धाडस म्हणतात. रोहिणी तर आपल्या पोरींना सांगते, आजी कशी भर बैठकीत बोलली. खरी गोष्ट अशी की मी खोटं बोलायलाच तोंड उघडलं होतं. दाताचं दुखणं सांगायचं होतं. पण दातांना कुणी मिरजेला जात नाही, हे वाक्याच्या मध्येच लक्षात आलं, आणि दुसरं खोटं हाताशी नव्हतं. मग जे उरलं तेच बाहेर पडलं.

"गेले होते," मी म्हटलं. "छाती तपासायला."

बैठकीत 'छाती' हा शब्द कुणी बाईच्या तोंडून ऐकला नव्हता. सासरे पेपरच्या आड गेले. मालकांचा कप बशीवर वाजला.

"माझं सगळं चांगलं निघालं," मी बोलतच सुटले. आता थांबलं तर रडू येईल असं वाटत होतं. "पण माझी बहीण त्यानंच गेली. कावीळ-बिवीळ नव्हती तिला. आम्ही सांगत आलो तसं. तिनं लाजून गाठ दाखवली नाही, म्हणून गेली."

बापूरावांनी कप खाली ठेवला. "म्हंजे घराण्यात हाय." ते दत्ताजीरावांकडं वळले. "दादा, मग आपल्याला इचार करायला पायजे. उद्या ही पोरगी आपल्या घरात येणार. तिला, तिच्या पोरींना..." मग एकदम काहीतरी आठवून माझ्याकडं वळले. "आणि तुमच्या संगं दुसरी एक बाई होती म्हणं. डोक्यावर पदर, तोंड दिसलं न्हाई. ती कोण? ती बी तुमच्याच घरातली का?"

आता मात्र खोटं अगदी तयार होतं. "नाही हो," मी म्हणाले. "ओळख नाही माझी. तिथंच भेटली."

"ओळख न्हाई आणि हसत व्हता म्हणं दोघी?"

"ती मी होते."

मधल्या खोलीच्या दारात इंदुताई उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर मागं पडलेला, तो त्यांनी सारखा केला नाही.

"ती मी होते, भावजी. गाठ यांना न्हाई. मला हाय. पक्कं झालंय, काल कळलं. आता घराण्यात हाय म्हणून सोयरीक मोडायची असंल तर ती यांनी मोडायची, आपण न्हाई."

बाहेर रस्त्यावर भांडी विकणारा ओरडत गेला. सगळे जणू त्यालाच ऐकायला बसले होते. बापूरावांचा चेहरा मी पहिल्यांदाच कोरा बघितला. माहीत नसलेली गोष्ट त्यांच्याच घरात होती.

दत्ताजीराव उठले. अंगानं आडवे, कमी बोलणारे गृहस्थ. पुरुषांची बैठक ओलांडून ते दारापर्यंत गेले आणि बायकोसमोर उभे राहिले.

"कवापासनं?"

"गौरीपासनं."

"आणि मला सांगितलं न्हाईस."

"तुमाला सोसलं नसतं."

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. मग ते म्हणाले, "चल."

"कुठं?"

"मिरजेला."

"आत्ता? अहो, जेवणं व्हायची हायत पाहुण्यांची."

"जेवतील ती," दत्ताजीराव म्हणाले, आणि चपला शोधायला लागले. त्यांना स्वतःच्या चपला सापडेनात. त्या ते कधी स्वतः ठेवतच नसत.

धैर्यशील उठला, त्यानं बापाच्या चपला पुढं केल्या. मग आमच्या मालकांना म्हणाला, "काका, सुपारी आज फोडायची तर फोडा. पण लग्न आईचं सगळं झाल्यावर. तुम्हाला चालणार नसेल तर सांगा."

मालक काय बोलतात म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. "साड्यांचे भाव," ते पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, "चालंल. आमची काय घाई न्हाई. घाई तुमचीच होती."

सुपारी फोडली. जेवणं मात्र विस्कटली. मी परसात हंड्यांपाशी उगाच भांडी घासत बसले, कारण आत जायचा धीर नव्हता. मालक काय म्हणतील, गल्ली काय म्हणेल, गिऱ्हाईक तुटेल का, सगळं डोक्यात एकदम शिजत होतं. मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. बापूरावांची बायको कमळ. सगळी संध्याकाळ ती एक शब्द बोलली नव्हती.

"ताई," ती म्हणाली. "दुखतं का हो त्यात?"

"कशात?"

"त्या यंत्रात."

मी हात धुतले. "दाबतात. दुखतं थोडं. पण लगेच होतं."

"बाई असती का बाप्या?"

"बाई."

तिनं एकदा बैठकीच्या दिशेनं बघितलं. "मग ह्यांना सांगायची काय गरज न्हाई," म्हणाली, आणि मला भांडी विसळू लागायला खाली बसली. बोलता बोलता तिनं माझा पुढचा मिरजेचा वार विचारून घेतला. आतून बापूरावांनी हाक मारली, "कमळ, पाणी आण," तर ती म्हणाली, "माठात हाय."

इंदुताईंचं ऑपरेशन झालं. डावी बाजू काढावी लागली. नंतर औषधं चढवली तेव्हा केस गेले, आणि दत्ताजीरावांना भात लावता यायला लागला. धैर्यशील भाकऱ्या करायचा म्हणे. कशा व्हायच्या ते इंदुताई हातानं नकाशे काढून दाखवायच्या. गल्लीनं जे बोलायचं ते बोलून घेतलं. माझी दोन-चार गिऱ्हाइकं तुटली. काही दिवसांनी त्यातल्याच एकीनं ब्लाऊजचं माप द्यायच्या निमित्तानं दार लोटून घेतलं आणि विचारलं, "मिरजेला कुठल्या वारी जायचं असतं?"

लग्न पुढच्या वर्षी झालं. इंदुताईंचे केस तेव्हा पोरासारखे बारीक आले होते. त्या उघड्याच मिरवत होत्या. मांडवात विहिणींची गळाभेट ठरली. रिवाजच तो. मुलीची आई आणि मुलाची आई सगळ्यांसमोर एकमेकींना मिठी मारतात. वाजंत्री थांबली, बायका गोळा झाल्या. मी हार घालून जवळ गेले आणि सगळ्या वर्षभराची मिठी एकदमच मारली.

"हळू," इंदुताई माझ्या कानात म्हणाल्या. "डावीकडं अजून ओढतंय."

मी हात सैल केले, पण सोडलं नाही. हसू आणि रडू दोन्ही एकदम यायला लागलं. शेजारची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "बघ की, पोरगी सासरला चालली म्हणून आईचा जीव कसा तुटतोय." दुसरी म्हणाली, "व्हय, पण विहीण का रडतीया?"